लिहून देणार ताई, लिहून घेणार भाऊ

नववीत असताना मी घरमालकीण झाले. अख्ख्या घराची नाही, मुलुंड पूर्वेच्या एका वन बीएचकेतल्या बेडरूमची. आता ते घर काही आमचं नव्हतं, आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. पण आई-बाबा हॉलमध्ये झोपायचे, बेडरूम मुलांची असं ठरलेलं होतं, आणि मुलांमध्ये मोठी मी. म्हणजे मालकीण कोण, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. तरी माझा धाकटा भाऊ वाद घालायचा. तो तेव्हा पाचवीत होता आणि त्या वयात त्याला पाण्याला पाणी का म्हणतात यावरही वाद घालता यायचा.

ते आमचं चार वर्षांतलं तिसरं घर. मुंबईत भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. अकरा महिने संपत आले की मालकाला आठवतं, पोराचं लग्न आहे, नाहीतर गावाहून कोणीतरी राहायला येतंय. मग आपण कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे रिकामे खोके मागायला जायचं. आईने एका खोक्यावर मार्करने ‘मुलं, पुस्तकं, सांभाळून’ असं लिहिलं होतं आणि तोच खोका आम्ही तीन शिफ्टिंगना वापरला. त्यात शेवटी पुस्तकं कमी आणि चार्जर जास्त असायचे.

या तिसऱ्या घराच्या मालकीणबाईंना आम्ही मुलं आजी म्हणायचो. त्या रिटायर्ड नर्स होत्या, डोंबिवलीला मोठ्या मुलाकडे राहायच्या, आणि त्यांचा आवाज वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा होता. किल्ली देताना त्यांनी बाबांना सांगितलं, “मासे करा, खुशाल करा, मी पण खाते. पाहुणे आले तर येऊ देत. पण भिंतीत एक खिळा ठोकायचा नाही. रंग नवीन आहे. एक भोक दिसलं तर मी घर खाली करून घेईन.” आणि बेडरूममध्ये त्यांचं एक लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं. ते तिथेच राहणार होतं. दहा बाय नऊची खोली, त्यात आजींचं कपाट, माझं टेबल, दोन गाद्या, आणि माझा भाऊ. त्यातल्या फक्त एकाला हलवायला परवानगी नव्हती.

मी चौदा वर्षांची होते. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये जा, आणि बाथरूममध्ये कायम बाबा. बाबा आत गेले की पेपर संपेपर्यंत बाहेर येत नाहीत. आईला माझी अडचण कळत होती. तिने एक जुनी साडी काढून दिली आणि म्हणाली, “मध्ये दोरी बांधा नि ही टाका. कशी बांधायची ते तुमचं तुम्ही बघा, मला काही सांगू नका.” दोरीचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला बांधलं. दुसरं टोक आजींच्या कपाटाच्या हँडलला बांधून बघितलं, तर साडीला हात लागला की कपाट असं कण्हायचं की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघून जायचे. शेवटी भाऊ म्हणाला, “ताई, खिळा.”

आई-बाबा कामावर असताना, एका दुपारी, त्याने स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला. भिंत कुठली आणि सिमेंटचा कॉलम कुठला, हे त्याला कोण सांगणार? कॉलमवर चार खिळे वाकले. पाचवा शेजारच्या विटेत गेला आणि तो मस्त बसला. म्हणजे एक खिळा, आणि वर चार भोकं फुकट. साडी मात्र झकास लागली.

आता मुंबईतल्या भाडेकरूंना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. खिळ्याचं भोक पांढऱ्या टूथपेस्टने बुजवायचं, वरून बोट फिरवायचं, की मालकाच्या बापालाही कळत नाही. मी त्याला तेवढंच सांगून क्लासला गेले. परत येऊन बघते तर भिंतीवर चार गुलाबी ठिपके. गाढवाने स्वतःची टूथपेस्ट वापरली होती, स्ट्रॉबेरीवाली. का, तर म्हणे पांढरी कमी झाली तर आईला कळेल. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. खिडकीतून आत, आजींच्या कपाटावरून वर, आणि थेट भोकांपर्यंत एक रांग. ती रांग त्यानंतर कधी पूर्ण मोडलीच नाही.

आणि मग आमची भांडणं सुरू झाली. साडी कुठून कुठपर्यंत, पंखा दोनवर का चारवर, खिडकी कोणाची, मुंग्या कोणामुळे. आई ऑफिसातून आल्या आल्या आम्ही दोघं एकदमच तक्रार सांगायला लागायचो. एक दिवस ती पर्स न ठेवताच म्हणाली, “मला एक अक्षर सांगायचं नाही. काय ते लिहून ठेवा.”

म्हणून मी लिहून ठेवलं. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकून देणं म्हणजे पाप. एका बाजूला छापलेलं असलं तरी दुसरी बाजू कोरी आहे ना, मग किराण्याची यादी लिही, गणितं सोडव, पण टाकू नको. मी बाबांच्या घराच्या अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स घेतली. तिच्या शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूची भाषा बघून मी मागच्या बाजूला आमचं अ‍ॅग्रीमेंट लिहिलं. लिहून देणार, ताई. लिहून घेणार, भाऊ. मुदत, अकरा महिने.

दारापासून साडीपर्यंतची जागा लिहून घेणाराने वापरावी. खिडकी, टेबल आणि पंख्याचं बटण लिहून देणाराकडे राहील. लिहून घेणाराने नाकाने आवाज करत श्वास घेऊ नये, सर्दी झाल्यास हॉलमध्ये झोपावे. साडीच्या खालून पाय, हात, चेंडू वा प्रश्न पलीकडे येऊ नयेत. आजींच्या कपाटाला टेकून बसण्याचा हक्क लिहून देणाराचा. आणि सहावं कलम, ज्याने पुढे आमची वाट लावली, ते असं: “भिंतीतली पाच भोकं आजींना कळू द्यायची नाहीत. घर सोडताना खिळा काढून सगळी भोकं पांढऱ्या, गुलाबी नव्हे, टूथपेस्टने बुजवावीत. मुंग्यांची संपूर्ण जबाबदारी लिहून घेणाराची.”

भावाने सगळं दोनदा वाचलं. “पण यात मला काय मिळतंय?” त्याने विचारलं.

“राहायला मिळतंय,” मी म्हटलं.

त्याला ते पटलं. त्याने सही केली आणि बाबांनी अंगठा लावला होता म्हणून स्वतःही शाईचा अंगठा लावला. एक नाही, चार. ते अ‍ॅग्रीमेंट मी परत झेरॉक्सच्या गठ्ठ्यात लावून बाबांच्या फायलीत ठेवलं. महत्त्वाचे कागद फायलीत ठेवायचे असतात, हे मला घरूनच शिकवलेलं.

खरं सांगायचं तर तो भाडेकरू वाईट नव्हता. पाय यायचा साडीखालून, पण हाक मारली की मागे जायचा. प्रश्नांचं मात्र त्याला काही जमलं नाही. दुपारी मी पुस्तक उघडलं की पलीकडून आवाज. “ताई, माशांना तहान लागते का गं?” मी गप्प. “ताई, अभ्यास करतेस का?” “हो!” “बरं. मग नंतर सांग.” आणि मग नाकाचा आवाज, सूं सूं सूं, त्याला बारा महिने सर्दी. माझं डोकंच फिरायचं. मी उशी फेकून मारायचे आणि ती उशी त्याच्या हद्दीत पडली म्हणून तो जप्त करायचा.

जूनमध्ये माझी दहावी सुरू झाली. मराठी घरात दहावी सुरू झाली म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे बंद, आणि कोणीही येता-जाता “काय, अभ्यास कसा चाललाय?” असं विचारून जाणार. मी त्या टेबलाला चिकटले ती चिकटलेच. शाळा दहा मिनिटांवर, क्लास खालच्या गल्लीत, मैत्रीण पुढच्या बिल्डिंगमध्ये. सगळं जमून आलं होतं. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजींचा फोन आला.

अ‍ॅग्रीमेंट जानेवारीच्या सुरुवातीला संपत होतं. आजींचा धाकटा मुलगा बदली होऊन बंगळूरहून येणार होता, बायको-मुलांसकट. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. “नूतनीकरण नाही व्हायचं. जागा मला माझ्यासाठी हवी आहे. तुम्ही तुमची दुसरी व्यवस्था बघा.” बाबा म्हणाले, “काकू, मुलीची मार्चमध्ये दहावी आहे हो.” पलीकडून आवाज आला, “माझ्या नातवाची पण शाळा आहे.” आणि फोन बंद.

नंतरचे पंधरा दिवस आई-बाबा रोज संध्याकाळी घरं बघत होते. मुलुंडमध्ये आम्हाला जमेल असं एकही नव्हतं. एक मिळालं ते पार बदलापूरला, दुसरं दिव्याला, आणि तिथे म्हणे पाणी एक दिवसाआड. बाबा जेवताना गप्प असायचे आणि आई माझ्याशी इतकं गोड बोलायला लागली की मला धडकीच भरली. मी रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होते. देवा, तीन महिने. या टेबलावरून मला उठवू नको, मग एप्रिलमध्ये रस्त्यावर झोपायला लाव. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि त्याच दिवसांत मी माझ्या भावाला नोटीस दिली.

का दिली, तर दहावी. शेवटचे तीन महिने, मला खोली पूर्ण हवी होती. ते सूं सूं नको, मासे नको, तहान नको. आम्ही कुठेही गेलो तरी खोली माझी एकटीची पाहिजे, आणि इथे राहिलो तर इथलीच. मी बाबांच्या फायलीतून तो कागद काढला आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं. “मुदत संपल्यावर नूतनीकरण होणार नाही. कारण, जागा लिहून देणाराला स्वतःसाठी हवी आहे. लिहून घेणाराने आपली दुसरी व्यवस्था बघावी.” वाक्य तयारच मिळालं होतं, मला काही डोकं चालवावं लागलं नाही.

भावाने वाचलं. “म्हणजे मी कुठे?”

“हॉलमध्ये. टीव्हीखाली जागा आहे ना.”

“बरं,” तो म्हणाला. मग शाळेची पट्टी घेऊन हॉलमध्ये गेला आणि टीव्हीखालची जागा मोजत बसला. एवढ्या-तेवढ्याला वाद घालणारा पोरगा, पण इथे एक शब्द बोलला नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. कागद परत फायलीत लावला आणि पुढचा धडा काढून वाचायला लागले.

बाबांनी शेवटचा प्रयत्न म्हणून आजींना घरी बोलावलं. एकदा या, मुलीला बघा, मग काय ते ठरवा. आजी म्हणाल्या, येते, पण एजंटला घेऊन येते, म्हणजे काय ते तिथल्या तिथे होईल. रविवारी सकाळी यायचं ठरलं. आईने पहाटे उठून घावणे घालायला घेतले, सोबत खोबऱ्याची चटणी. आम्ही साडी काढली, खिळा काढला, त्या भोकात पांढरी टूथपेस्ट भरली. ते छान दिसेनासं झालं. पण बाकीचे चार गुलाबी ठिपके तसेच, आणि त्यावर मुंग्या. पुसून काढल्या की पाच मिनिटांत परत हजर. बाबा तिकडे बघतच नव्हते. त्या भिंतीकडे न बघण्याचा त्यांचा अकरा महिन्यांचा सराव होता.

“तू इथे उभा राहा,” मी भावाला सांगितलं. “पाठ भिंतीला. आजी जाईपर्यंत हलायचं नाही.”

“आणि कोणी विचारलं तर?”

“म्हण, असाच उभा आहे.”

आजी आल्या. मागून एजंट आला, पोट सुटलेला, दोन फोनवाला, बगलेत लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. आजींनी चपला काढल्या आणि वॉर्डाचा राउंड घ्यावा तशा आत शिरल्या. नळ सोडून बघितला. गॅसच्या ओट्यावरून बोट फिरवलं. बेडरूममध्ये आल्या, कपाटाचं कुलूप ओढून बघितलं, आणि मग त्यांना भिंतीला टेकून ताठ उभा असलेला माझा भाऊ दिसला.

“हा का उभा आहे?”

“असाच उभा आहे,” भाऊ म्हणाला. त्याच्या कॉलरवरून एक मुंगी मानेवर चढली. त्याने डोळे मिटले, पण हलला नाही. दुसरी कानामागे गेली. त्याच्या चेहऱ्यावर जे काय चाललं होतं ते बघून मला एकदम हसू फुटायला आलं आणि मी खोकायला लागले. आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “जंत झालेत का याला?” त्यांनी आईला विचारलं आणि हॉलमध्ये गेल्या.

हॉलमध्ये सगळं छान चाललं होतं. आजींनी चार घावणे खाल्ले. चटणी परत मागितली. बाबांनी धीर करून पुन्हा दहावीचा विषय काढला. आजी हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. एजंट म्हणाला, “तीन महिन्यांचं करायचं असेल तर होऊन जाईल, काकू. जुनी कॉपी असेल तर द्या, त्यावरूनच सगळं टाकतो.” बाबा उठले, फाईल काढली, आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले.

मला शाईचे चार अंगठे दिसले. मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, शेवटी “बाबा, ते नको” असं म्हणालेसुद्धा. पण तोवर आजींनी कागद हातात घेतले होते. चष्मा लावला, पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेल्या, आणि ते पान उलटून बघितलं.

“लिहून देणार, ताई,” आजींनी मोठ्याने वाचलं. त्यांना मनातल्या मनात वाचताच येत नसावं. “लिहून घेणार, भाऊ. हे काय आहे?”

आजी वाचत गेल्या. नाकाच्या आवाजावर एजंट खुसखुसला. प्रश्नांच्या कलमावर आजींच्या ओठाचा कोपरा जरा हलला. आणि मग सहावं कलम आलं.

“भिंतीतली पाच भोकं आजींना कळू द्यायची नाहीत.”

“मेलंय मी,” बाबा हळूच म्हणाले. घाबरले की बाबांची मालवणी बाहेर येते.

“पाच?” एजंट म्हणाला.

“आणखी एक घावणा घ्या ना,” आई म्हणाली.

आजींनी कागदावरून नजर न काढता आतल्या खोलीकडे आवाज दिला. “ए बाळा! सोड ती भिंत आता. ये बाहेर.”

“नाही आजी, मला हलायचं नाहीये,” आतून उत्तर आलं. “ताईने सांगितलंय.”

“ये रे!” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

तो मान खाजवत बाहेर आला. गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता, की मी काय चुकलो. मी काय सांगणार? तीन महिने गेले, टेबल गेलं, बदलापूर नक्की झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण आजी अजून वाचत होत्या. त्या शेवटच्या ओळींपर्यंत आल्या होत्या आणि तिथे त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “नूतनीकरण होणार नाही. कारण, जागा लिहून देणाराला स्वतःसाठी हवी आहे.” त्यांनी चष्मा काढला. “हे माझं वाक्य आहे.”

मी खाली बघत होते. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते.

“मग तू कुठे जाणार रे?” आजींनी भावाला विचारलं.

“टीव्हीखाली. मी मोजलंय. पाय थोडे सोफ्याखाली जातात, पण चालतंय.”

आजींनी चष्म्याची घडी घातली. मग त्या बाबांकडे नाही, आईकडे नाही, माझ्याकडे वळल्या. “हे बघ. माझा धाकटा येतोय, त्याला मी तीन महिने डोंबिवलीला दाटीवाटीने राहायला सांगेन. भोकांचं पण आपण बघू. पण एक आहे. तू याची मुदत वाढव, मी तुमची वाढवते. तू याला जेवढे दिवस देशील, तेवढेच मी तुम्हाला.”

केवढी सोपी गोष्ट होती! हो म्हणायचं, बस. एजंटने लॅपटॉप उघडून ठेवला होता. आईने हातातली प्लेट तशीच धरली होती. आणि मी विचार करायला लागले. खोटं नाही सांगत. पाच सेकंद, सहा सेकंद, मी खरोखर विचार केला. मला ती रिकामी खोली दिसत होती. मध्ये साडी नाही, सूं सूं नाही, प्रश्न नाहीत, सगळी भिंत माझी, सगळा पंखा माझा. ज्या घरासाठी आई-बाबा पंधरा दिवस वणवण फिरत होते, ते घर माझ्या एका शब्दावर होतं आणि माझ्या तोंडातून तो शब्द निघत नव्हता. आई माझ्याकडे बघत होती. बाबांनी मान खाली घातली. भाऊ पण बघत होता. त्याने माझा चेहरा वाचला, आणि मी त्याला वाचताना बघितलं.

“आजी, तसं नको,” तो म्हणाला. “मला हॉलच पाहिजे. तिकडे वायफाय मस्त येतं. तुम्ही हिचं करून टाका ना, हिची दहावी आहे.”

राउटर बेडरूममध्ये होता.

आजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि एजंटला म्हणाल्या, “घाला मार्चअखेरपर्यंत.” मग बाबांचा अंगठा मशीनवर उमटेना, नेहमीसारखा. आईच्या बोटाला खोबरं लागलं होतं, ते धुऊन आली. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. निघताना आजी आत गेल्या, एका गुलाबी ठिपक्याला नखाने खरवडलं, नखाचा वास घेतला. “स्ट्रॉबेरी,” त्या म्हणाल्या. “मूर्ख कुठली! जाताना भिंत रंगवून द्या.” आणि गेल्या.

त्या दिवशी दुपारी मी भावाला म्हटलं, “राहा ना आत.” म्हटलं खरं, पण कसं म्हटलं ते मला माहीत आहे. दारात उभ्या पाहुण्याला आपण जेवून जा म्हणतो ना, तसं. तो म्हणाला, “नको गं, ठीक आहे.” आईनेही काही म्हटलं नाही. दहावी होती ना! त्याने गादी ओढून हॉलमध्ये नेली, कपड्यांची पिशवी सोफ्याखाली सारली, आणि तीन महिने तो अशा टीव्हीखाली झोपला जो माझ्या अभ्यासासाठी बंद होता.

अभ्यास कसा झाला म्हणाल, तर एकदम मस्त झाला. उगाच कशाला खोटं बोलू? एकटीला खोली मिळाली की सुचत नाही, करमत नाही, असलं काही मला झालं नाही. मी पंखा दोनवर ठेवला, कपाटाला टेकून बसले, आणि सगळे धडे तीनदा संपवले. मध्ये कधीतरी हॉलमधून बारीक सूं सूं ऐकू यायचं. तेवढ्यात कोणीतरी नाक दाबल्यासारखं ते बंद व्हायचं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. भर दुपारी घामाघूम होऊन घरी आले. हॉलमध्ये किराणावाल्याचे रिकामे खोके रचून ठेवलेले, कारण आठ दिवसांनी ते घर सोडायचं होतं. दिव्याचं घर नक्की झालं होतं. आई-बाबा कामावर होते. मी पॅड फेकलं, चपला फेकल्या, आणि बघते तर माझा भाऊ बेडरूमच्या दारात उभा. गादीची वळकटी उभी करून धरलेली, बगलेत उशी. दार सताड उघडं होतं, आत कोणी नव्हतं, आणि तो उंबऱ्याच्या अलीकडे उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“ताई, संपली ना परीक्षा?” त्याने विचारलं. “आता येऊ का आत?”

आठ दिवसांसाठी. मला इतकं रडू फुटलं, इतकी लाज वाटली, की मी त्याच्यावरच ओरडले. “विचारतोस काय गाढवा? घर तुझं नाहीये का?”

“नाही ना,” तो म्हणाला. “आजींचं आहे.” आणि गादी ओढत आत आला.